वाचकांचे प्रश्न : आयर्लंडच्या कुळांच्या लढ्याची छापील चित्रं

गेल्या अंकातल्या आयरिश जमीन-लढ्याच्या चित्रांवरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. तो अंक हुकलेल्यांसाठी थोडक्यात पार्श्वभूमी. १८७० च्या दशकाच्या शेवटी आयर्लंडात लागोपाठ हंगाम बुडाले, कुळांनी जमीनदाराला द्यायचा खंड मात्र होता तेवढाच राहिला. २० एप्रिल १८७९ ला मेयो परगण्यातल्या आयरिशटाउनला कुळांची मोठी सभा झाली. २१ ऑक्टोबरला डब्लिनमध्ये लँड लीग ही कुळांची संघटना स्थापन झाली. अध्यक्ष आयरिश खासदार चार्ल्स पार्नेल, पण तिच्यामागचं डोकं आणि कष्ट मायकेल डेव्हिटचे. पुढची दहा-बारा वर्षं खंडबंदी, बहिष्कार, जप्ती आणि बेदखली यांत गेली. त्या काळची साप्ताहिकं ही चित्रं छापत होती, आणि तीच पानं आज सुटी होऊन बाजारात फिरतात.

प्रश्न (पुणे) : जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक मोठं पान मिळालं. झोपडीतून बाहेर काढलेलं कुटुंब, दारात शिपाई, खाली इंग्रजीत बेदखलीचा मथळा. दुकानदार म्हणतो, अस्सल १८८० चं आहे. खात्री कशी करावी?

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं बाजूला ठेवा आणि आधी १०पट मोठं दाखवणारं भिंग आणा. घड्याळजी वापरतात तसलं चालेल. त्या काळच्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' किंवा 'द ग्राफिक'मधलं चित्र बहुधा लाकडी ठशाचं असतं. भिंगाखाली त्यात फक्त रेघा दिसल्या पाहिजेत, ठिपके नाहीत. राखाडी छटाही बारीक रेघांच्या दाटीतूनच आलेली असते. ठसा दाबून छापताना शाई कडेला ढकलली जाते, म्हणून जाड रेघेची कड मधल्या भागापेक्षा किंचित गडद दिसते. पान उलटं करून दिवा आडवा धरा. कोऱ्या जागी दाबाचे उंचवटे डोळ्यांना दिसतात, बोटालाही जाणवतात.

रेघांऐवजी ओळीत बसलेले सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले, तर ते छायाचित्रावरून जाळीने केलेलं छापकाम. ही पद्धत साप्ताहिकांत १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळली, म्हणजे १८८० चं पान म्हणून सांगितलेल्या चित्रात ती असण्याचं कारण नाही. निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची वर्तुळं दिसली तर अलीकडची ऑफसेट नक्कल. काळी रेघच रंगीत तुषारांची बनलेली असेल तर घरगुती प्रिंटरचं काम.

मग पाठ वाचा. एकपानी चित्राच्या मागे बहुतेक वेळा त्याच अंकाचा मजकूर असतो: बातम्या, जाहिराती, कधी बुद्धिबळाचे डाव. हा मजकूर तुमचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार, कारण नक्कल करणारे पाठ छापायच्या भानगडीत पडत नाहीत. दुपानी चित्राची पाठ मात्र कोरी असू शकते. तिथे मधली घडी आणि शिलाईची भोकं शोधा. 'लंडन न्यूज'चं एक पान साधारण ४० बाय २८ सेंटिमीटर भरतं. बरंच लहान असेल तर समास कापलेत, आणि त्याबरोबर वरची तारखेची ओळही गेलेली असते.

एक सापळा आणखी. १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या काळातली बेदखलीची चित्रं सर्रास 'लँड लीगच्या काळातली' म्हणून विकली जातात. 'लंडन न्यूज'ने १६ डिसेंबर १८४८ ला बेदखलीवर चित्रांची जोडी छापली होती, एक त्या दिवसाचं आणि दुसरं दुसऱ्या दिवसाचं. २२ डिसेंबर १८४९ च्या अंकात क्लेअर परगण्यातल्या किलरशकडची ब्रिजेट ओ'डॉनेल आणि तिची मुलं आहेत. फाटक्या कपड्यांतली उभी बाई आणि तिला बिलगलेली दोन मुलं हे चित्र बऱ्याच जणांनी कुठेतरी पाहिलेलं असतं. ती जुनी पानं चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर आहेत आणि अजून पांढुरकी, लवचिक राहिलीत. १८८० चा कागद बहुधा कडेने तपकिरी पडलेला आणि कोपऱ्यात ठिसूळ असतो. पानावर कुठे लाल सरकारी शिक्का दिसला तर प्रश्नच मिटला. वर्तमानपत्रांवरचा सक्तीचा मुद्रांक-कर १८५५ ला उठला आणि टपालापुरता शिक्काही १८७० ला बंद झाला, म्हणजे ते पान लँड लीगच्या आधीचं.

प्रश्न (नागपूर) : माझ्याकडच्या दुपानी चित्रातून अगदी सरळ पांढऱ्या रेघा उभ्या-आडव्या जातात. आकाश, माणसं, घर सगळ्यांमधून. हा छपाईचा दोष की फाटलेलं पान चिकटवलंय?

उत्तर : दोन्ही नाही. हे अस्सलपणाचं चांगलं लक्षण आहे. ठसा बॉक्सवुडच्या लाकडाचा, आणि तोही खोडाच्या आडव्या कापावर कोरलेला, कारण तिथेच तंतू इतका घट्ट असतो की केसाएवढी रेघ टिकते. पण बॉक्सवुडचं झाड बारीक. एका खोडातून तळहाताएवढे तुकडे मिळतात. त्यामुळे मोठा ठसा अनेक तुकडे मागून बोल्टने कसून तयार करत. पूर्ण ठशावर चित्र उतरवलं की बोल्ट सोडून तुकडे वेगवेगळ्या कारागिरांना वाटून देत, म्हणजे आठवड्याचं काम एका रात्रीत होई. सांध्याजवळच्या रेघा वाटणीपूर्वीच मुख्य कारागीर कोरून ठेवी. नाहीतर एकाच माणसाचा डावा खांदा एका हाताचा आणि उजवा दुसऱ्याच हाताचा व्हायचा.

लाकूड सुकून आकसलं किंवा बोल्ट ढिले पडले, की सांध्यात फट पडते आणि तिथे शाई लागत नाही. तुम्हाला दिसते ती रेघ म्हणजे ती फट. छपाई सहसा तांब्याचा साचा काढून करत, पण साच्यातही फट जशीच्या तशी उतरते. भिंग घेऊन सांध्याच्या दोन्ही बाजूंचं आकाश तुलनेने पाहा. एकीकडे रेघा समांतर आणि शिस्तीच्या, दुसरीकडे जरा घाईच्या, असा फरक बऱ्याचदा सापडतो. फाटून चिकटवलेलं असतं तर कागदाचे तंतू दिसले असते आणि पाठीवरच्या मजकुरातूनही रेघ गेली असती.

प्रश्न (कोल्हापूर) : 'पंच'मधल्या एका चित्रात आयरिश शेतकरी माकडासारखा, दुसऱ्या एका रंगीत चित्रात तोच देखणा, उंच, भरदार. दोन्ही एकाच काळातली. मग विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर : चेहऱ्यावर कोणाच्याच नको. दोन्ही प्रचाराची चित्रं आहेत. फक्त गिऱ्हाईक वेगळं. 'पंच' लंडनचं व्यंग-साप्ताहिक, वाचणारा इंग्रज मध्यमवर्ग. तिथला मुख्य व्यंगचित्रकार जॉन टेनिएल. 'ॲलिस इन वंडरलँड'ची चित्रं काढणारा तोच. २९ ऑक्टोबर १८८१ चं त्याचं चित्र घ्या. ब्रिटनचं प्रतीक असलेली उंच ब्रिटानिया हातात कायद्याची तलवार घेऊन उभी, पायाखाली लँड लीग, रडणारी आयर्लंड तिच्या खांद्याशी लपलेली, आणि समोर वानराच्या जबड्याचा एक माणूस दगड उगारून. नऊच दिवसांपूर्वी सरकारने लँड लीगवर बंदी घातली होती आणि पार्नेल किल्मेनहॅमच्या तुरुंगात होता, हे ठाऊक असलं की चित्र एकदम उलगडतं. २० मे १८८२ चं राक्षसाचं चित्र डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या ६ मेच्या दोन बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या खुनांनंतर दोन आठवड्यांत आलं. तिथे तर पार्नेलच आपण घडवलेल्या राक्षसापुढे दबकून बसलाय. टेनिएलची जोडाक्षरी सही एका कोपऱ्यात असते आणि ठसा कोरणाऱ्या स्वेनचं नाव दुसऱ्या. दोन्ही शोधा.

तुमचं रंगीत चित्र वर्णनावरून डब्लिनच्या साप्ताहिकाची पुरवणी वाटतं. 'वीकली फ्रीमन'साठी जॉन फर्गस ओ'हे आणि 'युनायटेड आयर्लंड'साठी जे. डी. री अशी चित्रं काढत. तिथे शेतकरी नेहमी स्वच्छ दाढी केलेला, गुडघ्यापर्यंत विजार, रुंद छाती. आयर्लंड म्हणजे एरिन, लांब केसांची तरुणी. शेजारी हार्प, मागे गोल बुरूज, पायाशी शिकारी कुत्रा. जमीनदार आणि त्याचा कारभारी मात्र फुगलेल्या पोटाचे किंवा गिधाडाच्या नाकाचे. १८८७ नंतर आयर्लंडचा मुख्य सचिव बाल्फोर काडीसारखा लांब आणि बायकी दाखवतात. म्हणजे अतिशयोक्तीत हे मागे नव्हतेच. आमच्या मते टेनिएलची रेघ अधिक पक्की आहे आणि री-ओ'हे यांची राजकीय बातमी अधिक ताजी.

बातमीचित्रांचा भाग वेगळा, तरी निष्पाप तोही नाही. 'आमच्या खास चित्रकाराच्या स्केचवरून' असं खाली लिहिलेलं असलं, तरी मूळ स्केच दोन-चार रेघांचं आणि शेजारी सूचना: इथे शिपाई दहा, इथे गर्दी. लंडनच्या कचेरीत दुसराच माणूस ते ठशावर पूर्ण करी. आयर्लंड न पाहिलेल्या हाताने झोपडी, छप्पर आणि बायकांच्या शाली भरल्या, की सगळीच गावं सारखी दिसू लागतात. १८८०-८१ ला 'लंडन न्यूज'साठी काम करणारा ॲलॉयशियस ओ'केली हा मोठा अपवाद. तो डब्लिनचा, आणि त्याचा भाऊ जेम्स ओ'केली पार्नेलच्या पक्षाचा खासदार. जेम्स पार्नेलबरोबरच तुरुंगात गेला. इंग्रजी वाचकांच्या साप्ताहिकात कुळांची माणसं माणसांसारखी दिसतात ती बरीचशी याच्या चित्रांत.

प्रश्न (ठाणे) : चित्रात घरासमोर तीन खांबांची तिकाटणी आहे आणि तिच्यावर टांगलेला ओंडका. हे काय? आणि यावरून साल ठरवता येईल का?

उत्तर : भिंत फोडायचा ओंडका. तिन्ही खांब वर एकत्र बांधून मध्ये साखळीने ओंडका टांगायचा, टोकाला लोखंडी टोपण, आणि मागून माणसांनी झोके देत भिंतीवर आपटायचा. दारात काटेरी झुडपं, दगड आणि लाकडं कोंबून कुळं आत बसत. १८८७ च्या जूनमध्ये क्लेअरमधल्या बोडाइकला ओ'हॅलोरन कुटुंबाने वरून उकळतं पाणी ओतलं, ते प्रकरण गाजलं. नुसत्या पहारींनी काम लांबतं म्हणून पुढे ही तिकाटणी आली.

साल ठरवायला ती उत्तम खूण आहे. जुलै १८८८ ला किलरशजवळ व्हँडेलरच्या जमिनीवर बेदखली झाली, तिथली तिकाटणीची छायाचित्रं सर्वांत प्रसिद्ध. अशी तिकाटणी असलेल्या चित्राखाली कोणी १८८० लिहिलं असेल तर ते खोडा. हा काळ 'प्लॅन ऑफ कॅम्पेन'चा. ऑक्टोबर १८८६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत कुळांनी एकत्र येऊन रास्त वाटेल तेवढाच खंड देऊ करायचा, आणि जमीनदाराने नाकारला की ती रक्कम लढ्याच्या निधीत भरायची, असं होतं.

इतर खुणाही आहेत. शेतात तंबू, बटाटे खणणारी परकी माणसं आणि भोवती सैनिक असतील तर बहुतेक नोव्हेंबर १८८० चं, मेयोतल्या लॉख मास्क तळ्याकाठचं चित्र. गावाने बहिष्कार टाकल्यामुळे जमीनदार लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याचं पीक काढायला कॅव्हन आणि मोनाहनहून ५० माणसं आणली होती. साधारण ५०० पौंडांचं पीक वाचवायला सुमारे १०,००० पौंड खर्च झाला. याच बॉयकॉटचं रंगीत अर्कचित्र 'व्हॅनिटी फेअर'ने जानेवारी १८८१ मध्ये दिलं. ते बाजारात सहज मिळतं. बेदखल घरांशेजारी फळ्यांची नवी खोपटं दिसली तर ती लीगच्या निधीतली. १८८१ ला सुरू झालेल्या लेडीज लँड लीगने, म्हणजे पार्नेलची बहीण ॲना हिच्या संघटनेने, ही बांधणी पुढे चालवली.

प्रश्न (बेळगाव) : सभेच्या चित्रात एका फलकावर 'ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन' असं आहे. हा कोण पुढारी?

उत्तर : पुढारी नव्हे, सरकारी मोजणी. रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली स्थानिक करांसाठी देशभर जमिनीचं मूल्य ठरवलं गेलं, आणि ते १८४७ ते १८६४ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे भाव चढले, खंड त्याहून वर गेले. 'ग्रिफिथच्या आकड्याएवढाच खंड देऊ' ही लीगच्या सभांची मागणी होती.

प्रश्न (मुंबई) : लाकडी ठशाचं चित्र, पण रंगवलेलं आहे. मूळचे रंग का?

उत्तर : 'लंडन न्यूज'ची बेदखलीची पानं काळ्या शाईतच निघाली. रंग नंतर कुणा विक्रेत्याने जलरंगात भरले. भिंगाखाली रंग रेघेबाहेर सांडलेला दिसेल, आणि घडीच्या भेगेत उतरला असेल तर घडी आधीची, रंग नंतरचा. शिवाय पोलिसांचे गणवेश पाहा. रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा रंग जवळजवळ काळा वाटावा असा गडद हिरवा. लंडनच्या पोलिसांसारखे निळे रंगवले असतील तर रंगवणाऱ्याने लढा पाहिलाही नाही आणि वाचलाही नाही. खरी रंगीत छपाई डब्लिनच्या पुरवण्यांची, दगडावरून केलेली, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. तिथे भिंगाखाली खडूसारखा खरखरीत कण किंवा हाताने टाकलेले विषम ठिपके दिसतात, आणि एखादा रंग ओळीबाहेर सरकलेला. लोक त्या पुरवण्या घराच्या भिंतीवर लावत, त्यामुळे धूर, टाचणीची भोकं आणि घडीवर तुटणं हे ठरलेलं. तसली डागाळलेली प्रत पाहून नाक मुरडू नका.

प्रश्न (रत्नागिरी) : पान चौकटीत लावायचं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला पाझर असतो. फ्रेमवाला म्हणतो, लॅमिनेट करा.

उत्तर : लॅमिनेट करू नका. ते पुन्हा निघत नाही, आणि आम्लयुक्त कागद आतल्या आत तपकिरी पडत राहतो. सेलोटेप, फेव्हिकॉल, मैद्याची खळ हेही नको. मैद्यातल्या ग्लुटेनमुळे खळ पिवळी पडते आणि कसर येते.

पान पाठीच्या पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवायचंच नाही. वरच्या कडेला दोन बिजागऱ्या, एवढंच. जपानी कोझो कागदाची साधारण ३ बाय २ सेंटिमीटरची पट्टी दुमडून अर्धी पानाच्या पाठीला आणि अर्धी पुठ्ठ्याला. खळ गव्हाच्या शुद्ध स्टार्चची. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी; अर्धा तास भिजवा, मंद आचेवर सतत ढवळत २० ते ३० मिनिटं शिजवा, पारदर्शक झाली की उतरवा. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दाबून काढा आणि पाणी घालून घोटलेल्या दह्याएवढी करा. पातळ झाली तर पान ओलसर होऊन सुरकुततं, आणि जलरंग असेल तर पसरतो. ब्रशने अगदी थोडी लावा, वर शोषकागद आणि वजन ठेवून तास-दोन तास जाऊ द्या. उरलेली खळ फ्रीजमध्ये चार-पाच दिवसांपलीकडे ठेवू नका.

पुठ्ठा कापसाच्या लगद्याचा, आम्लरहित. खिडकी कापलेला पुठ्ठा वर असला की काच आणि पान यांत ३ ते ५ मिलिमीटर फट राहते, आणि ही फट पावसाळ्यात सर्वांत महत्त्वाची. काच पानाला टेकली तर आतला दमट वाफारा काचेवर धरतो आणि शाई काचेला चिकटते. मागे प्लायवुड किंवा एमडीएफ नको, त्यातून आम्लाची वाफ निघते. नालीदार पॉलिप्रॉपिलीनची शीट घ्या. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे छोटे ठोकळे लावा म्हणजे भिंत आणि चौकट यांत हवा खेळेल. पाझरणारी बाहेरची भिंत मात्र कोणत्याही युक्तीने चालणार नाही. आतल्या भिंतीवर, उन्हापासून दूर लावा. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते, म्हणून साधा आर्द्रतामापक शेजारी टांगा. जून ते सप्टेंबर चौकट उतरवून कोरड्या कपाटात ठेवणं सर्वांत स्वस्त.

बुरशी आलीच तर पान लगेच वेगळं काढा, सावलीत पंख्याच्या दूरच्या झोतात पूर्ण कोरडं होऊ द्या, आणि मग मास्क लावून उघड्यावर मऊ ब्रशने झटका. ओल्यावर ब्रश मारला तर बुरशी तंतूंत भरते. डाग घालवायला ब्लीच वापरू नका. पान महिनाभर पांढरं दिसतं आणि मग चुरा होतं.

प्रश्न (डब्लिनहून एक वाचक) : इथे राहून मूळ चित्रं कुठे पाहता येतील? आणि या सगळ्याचा हिंदुस्थानशी काही संबंध होता का?

उत्तर : किल्डेअर स्ट्रीटच्या नॅशनल लायब्ररीत 'वीकली फ्रीमन' आणि 'युनायटेड आयर्लंड'च्या पुरवण्या आहेत, वाचक-कार्ड मोफत मिळतं, आत पेन नेता येत नाही, पेन्सिल न्या. आधी कॅटलॉगमध्ये शोधा. शब्द नेमके ठेवा: 'इव्हिक्शन', 'लँड लीग', परगण्याचं नाव आणि साल. नुसतं 'आयरिश कार्टून' टाकलं तर ढीग येतो. बरीच चित्रं स्कॅन केलेली असल्याने घरबसल्याही दिसतात, पण छापण्याची परवानगी वेगळी मागावी लागते. बेदखलीची छायाचित्रं त्याच संस्थेच्या टेम्पल बारमधल्या छायाचित्र-संग्रहात आहेत. सुट्टीच्या दिवशी मेयोला जाणार असाल, तर स्ट्रेडचं डेव्हिट संग्रहालय आणि कॅसलबारजवळच्या टरलो पार्कचं ग्रामजीवन संग्रहालय एकाच फेरीत होतात.

हिंदुस्थानशी संबंध होता. १८८३ च्या सुमारास डेव्हिटने दादाभाई नौरोजींना आयर्लंडच्या एखाद्या मतदारसंघातून पार्लमेंटात पाठवावं असं सुचवलं. पार्नेलने ते मानलं नाही. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते आल्फ्रेड वेब, मूळ डब्लिनचे, आयरिश खासदार आणि पेशाने छापखानावाले. त्यांच्या कुटुंबाच्या छापखान्यात छापलेली चळवळीची पत्रकं लायब्ररीच्या याच कॅटलॉगमध्ये मुद्रकाच्या नावाने शोधून पाहा.